हाकेला ओ देणारे चक्र

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



बंगाली भाद्र महिन्याच्या अखेरच्या दिवशी, म्हणजे 17 सप्टेंबरच्या सुमारास, कोलकात्यात विश्वकर्मापूजा होते. हुगळीपलीकडच्या हावड्यात, बेलिलियस रोडच्या परिसरातील लहान-मोठ्या कारखान्यांत, एरवी अखंड फिरणारी लेथ यंत्रे त्या दिवशी पुसून, हार घालून स्तब्ध ठेवलेली असतात. त्याच वेळी कोलकात्याच्या गच्च्यांवर मात्र निराळी चक्रे फिरू लागतात. पतंगाचा मांजा सोडणारी आणि आवळणारी लाटाई मुलांच्या हातांत गरगरत असते. मराठी मुलखात तिलाच कोणी फिरकी म्हणतात, कोणी चक्री. यंत्रदेवतेच्या पूजेला यंत्रे विसावा घेतात आणि खेळणी राबतात, ही त्या दिवसाची गंमत आहे. चक्र आणि दोरी यांच्या या कुळातील एक छोटेसे खेळणे आजच्या विवेचनाचा विषय आहे. ते खेळणे म्हणजे यो-यो, आणि त्यातही फेकणाऱ्याच्या हाकेला ओ देऊन हातात परत येणारा यो-यो.

विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु ज्या खेळण्यावर मूल तासन् तास मन लावून बसते, त्याच्या निवडीत झालेली चूक लहान नसते. हल्ली अनेक घरांत घडणारा प्रसंग पाहावा. वाढदिवसाला मुलाच्या हाती चकचकीत धातूचा, महागडा यो-यो पडतो. मूल तो फेकते. तो दोरीच्या टोकाशी जातो, तेथे सुरेख फिरत राहतो आणि काही केल्या वर येत नाही. हिसका दिला, दोन हिसके दिले, तरी तो तेथेच. अखेरीस फिरणे थांबते, मूल दोरी हाताने गुंडाळते आणि पुन्हा फेकते. चार दिवस हा क्रम चालतो, पाचव्या दिवशी यो-यो कपाटाच्या खणात जातो. खेळणे बिघडलेले नसते आणि मूलही मंद नसते. दोघांची गाठ चुकलेली असते एवढेच. जो यो-यो मुळातच आपणहून परत न येण्यासाठी घडवला आहे, तो नवशिक्याच्या हाती दिला गेला. मात्र त्या घरात ‘आपल्याला हे जमत नाही’ असा एक निष्कर्ष कायमचा नोंदला जातो. तो टाळण्यासाठी या खेळण्याचे अंतरंग जाणून घेणे आवश्यक आहे.

कोलकात्यातील मराठी घरात वाढणारे मूल फिरणाऱ्या खेळण्यांची दोन शब्दभांडारे घेऊन वाढते. घरात ज्याला भोवरा म्हणतात, त्याला गल्लीत लाट्टू म्हणतात. भोवऱ्याला गुंडाळायच्या दोरीला मराठीत जाळी हा शब्द आहे, बंगालीत लेत्ती. भोवऱ्याच्या खालच्या खिळ्याला मराठीत आर म्हणतात, बंगालीत आल. प्रत्येक भागाला नाव असल्यामुळे प्रत्येक भागाविषयी वादही घालता येतो. आर बोथट हवी की टोकदार, जाळी जाड हवी की बारीक, ती खालून किती वेढे घेऊन गुंडाळावी, यावर गल्लीत मतभेद होतात आणि त्या मतभेदांतूनच मुले जाणती होतात. यो-योच्या बाबतीत मात्र रिस्पॉन्सिव्ह, अनरिस्पॉन्सिव्ह, गॅप, पॅड, सेटअप असे शब्द दुकानातून थेट येतात आणि अर्थ दुकानातच राहतो. परकी शब्द वापरण्यात दोष नाही. न समजता वापरण्यात आहे. म्हणून येथे रिस्पॉन्सिव्ह यो-योला ‘हाकेचा’ आणि अनरिस्पॉन्सिव्ह यो-योला ‘बिनहाकेचा’ असे म्हटले आहे. मनगटाचा हलका हिसका ही हाक, आणि दोरीवरून चढत परत येणे ही ओ.

हे खेळणे आपल्याकडे अनोळखी नव्हते. ग्रीसमधील इ.स.पू. 440 च्या सुमाराच्या एका चित्रित पात्रावर दोरीच्या चक्राने खेळणारा मुलगा आढळतो. भारतात, राजस्थानातील बुंदी अथवा कोटा शैलीच्या, सुमारे 1770 मधील एका लघुचित्रात एक स्त्री असेच चक्र खेळताना दिसते. हिंदी प्रदेशात या खेळण्याला चकई आणि तिच्या दोरीला चकडोर म्हणत. सूरदासांच्या एका पदात व्रजाच्या गल्लीत खेळायला निघालेल्या कृष्णाच्या हाती भोवऱ्यासोबत चक आणि दोरीही आहे. भोवरा आणि चकई ही भावंडे आपल्या साहित्यात अशी एकाच हातात नांदत होती.

जुन्या चकईत आणि आजच्या यो-योत महत्त्वाचा फरक आहे तो दोरीच्या गाठीचा. जुन्या प्रकारात दोरी आसाला घट्ट बांधलेली असे. चक्र खाली जाई आणि दोरी संपताच त्याच वेगाने उलटे चढू लागे. त्याला खाली थांबणे ठाऊक नव्हते. फिलिपिन्समध्ये मात्र दोरी आसाला न बांधता, तिचा एक सैल फास आसाभोवती घालण्याची रीत होती. त्या देशातून अमेरिकेत आलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी 1928 मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे यो-यो निर्मितीचा उद्योग सुरू केला आणि ही रीत सर्वत्र पोहोचली. पुढे हा उद्योग डोनाल्ड डंकन यांच्याकडे गेला. ‘यो-यो’ हे नाव आपल्याच मालकीचे असल्याचा त्यांच्या कंपनीचा दावा 1965 मध्ये अमेरिकी न्यायालयाने अमान्य केला आणि तो शब्द सर्वांचा झाला.

त्या सैल फासाने काय साधले? दोरी संपल्यावर चक्र फासात मोकळे फिरत राहू लागले. खेळाडूंच्या भाषेत यो-यो ‘झोपू’ लागला. झोपलेल्या चक्राला झोके देता येतात, जमिनीवरून चालवता येते, दोरीच्या पाळण्यात ठेवता येते. पण झोपणाऱ्याला उठवण्याचा प्रश्नही त्याच दिवशी जन्माला आला. यो-योच्या घडणीतील त्यानंतरचा सारा इतिहास ‘किती झोपू द्यावे आणि किती सहज उठवावे’ या एकाच प्रश्नाभोवती फिरतो.

आता या चक्रात साठणाऱ्या शक्तीचा थोडा हिशेब करू. सोयीसाठी 28 मिलिमीटर त्रिज्येची भरीव तबकडी आणि 4 मिलिमीटर त्रिज्येचा आस कल्पावा. हे चक्र फेकले नाही, केवळ हातातून सोडले, तर ते दगडासारखे पडत नाही. दोरी उलगडत, फिरत फिरत ते उतरते आणि त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतकेच राहते. एक मीटर उतरायला त्याला सव्वादोन सेकंद लागतात. तळाशी पोहोचेपर्यंत त्याच्या ऊर्जेचा सुमारे 96 टक्के भाग फिरण्यात गेलेला असतो आणि ते सेकंदाला सुमारे 35 फेरे घेत असते. जोराने फेकल्यास हा आकडा आणखी वाढतो. बोटाएवढ्या उंचीचे हे खेळणे म्हणजे ऊर्जेची एक छोटी पेढीच होय. ठेव आत आहे. ती काढायची कशी, हा प्रश्न उरतो.

ती काढून देते घर्षण. यंत्रविद्येच्या पुस्तकात घर्षणाची गणना बहुधा शत्रूंत होते. तेल घाला, बेअरिंग बसवा, घासणे कमी करा, असा सर्व यंत्रांचा मंत्र आहे. येथे मात्र घर्षण नसेल तर परतीची वाट बंद होते. बोटाने हिसका दिला की चक्र क्षणभर वर उचलले जाते आणि दोरी सैल पडते. सैल दोरी आसाजवळ, दोन तबकड्यांच्या फटीत, आतील खरखरीत पृष्ठभागाला टेकते. तो पृष्ठभाग तिला पकडतो आणि आपल्याबरोबर ओढतो. एक वेढा पडतो, त्या वेढ्यावर दुसरा बसतो आणि मग दोरी आपोआप गुंडाळत चक्र वर येते. हिसका चक्राला वर ओढत नाही. तो दोरीला केवळ सैल करतो. उरलेले काम चक्राने आधीच साठवलेल्या ऊर्जेने होते. म्हणूनच जोरकस ओढ देणाऱ्या मुलाला यश येत नाही आणि हलका इशारा करणाऱ्याला येते.

अंतराळातील एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. एप्रिल 1985 मध्ये ‘डिस्कव्हरी’ या अमेरिकी अंतराळयानातून इतर खेळण्यांसोबत एक यो-योही नेण्यात आला होता. तेथे तो दोरीवरून संथपणे जा-ये करू शकला, पण झोपू शकला नाही. झोपण्यासाठी चक्राने दोरी सतत ताणून धरावी लागते, आणि पृथ्वीवर ते काम चक्राचे वजन करते. जमिनीवर सहज वाटणारी गोष्ट किती बारीक तोलावर उभी असते, हे अशा वेळी उमगते.

या तोलाचे आज बाजारात चार प्रमुख प्रकार मिळतात. त्यांची तुलना करू.

पहिला प्रकार स्थिर आसाचा. लाकडी अथवा प्लॅस्टिकचे चक्र, मधोमध पक्का आस, त्यावर दोरीचा फास. येथे दोरी थेट आसावर घासते. झोप थोडी, पण हाकेला ओ तत्काळ. या प्रकारात फेक सरळ पडली नाही तर चक्र लगेच कलते आणि थांबते, त्यामुळे हाताची चूक लपत नाही. टॉम कून यांनी 1978 मध्ये ‘नो जाइव्ह’ हा लाकडी यो-यो आणला. त्याचे भाग सुटे करून तीन निरनिराळ्या आकारांत जोडता येत आणि झिजलेल्या आसावरील नळी बदलता येई. दोरीत गुंता झाला की तबकड्या उघडून तो सोडवता येऊ लागला. आज सामान्य वाटणारी ही सोय त्या काळी मोठी होती.

दुसरा प्रकार बेअरिंगचा, पण हाकेचा. येथे दोरीचा फास पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगवर बसतो, म्हणून झोप लांबते. परतीसाठी फट अरुंद ठेवलेली असते आणि आतील बाजूस पकड देणारी रचना असते. ही पकड कधी तबकडीतच ओतलेल्या, सूर्यकिरणांसारख्या उभ्या रेषांची असते, कधी खरखरीत चकतीची, कधी रबरी कड्याची, तर कधी सिलिकॉनची. यो-मेगा कंपनीचा ‘रेडर’ किंवा यो-यो-फॅक्टरीची ‘लूप’ मालिका ही या जातीची प्रसिद्ध उदाहरणे होत.

तिसरा प्रकार आपणहून परतणारा. यो-मेगाचा ‘ब्रेन’ हा त्याचा नामवंत प्रतिनिधी. त्याच्या पोटात स्प्रिंगने दाबलेल्या भारयुक्त भुजा असतात. चक्र वेगात असताना केंद्रापासून दूर जाण्याच्या प्रवृत्तीने त्या भुजा उघडतात आणि आस मोकळा होतो. वेग ठरावीक मर्यादेखाली आला की स्प्रिंग भुजांना मिटवते, आस पकडला जातो आणि यो-यो हाक न देताच वर येतो. अगदी लहान मुलाला पहिला आनंद देण्यास हा उत्तम. मात्र परतीची वेळ येथे यंत्र ठरवते, हात ठरवत नाही. म्हणून या प्रकारावर फार काळ रेंगाळणाऱ्या मुलाला हाक द्यायची सवयच लागत नाही.

चौथा प्रकार बिनहाकेचा. फट रुंद, बेअरिंग मोठे, पकड आत खोल बसवलेली. यात बहुधा वापरल्या जाणाऱ्या बेअरिंगचा बाहेरील व्यास 12.7 मिलिमीटर आणि रुंदी सुमारे 4.76 मिलिमीटर असते. वजन साधारण 60 ते 70 ग्रॅम, आणि तेही शक्यतो कडेकडे विभागलेले, म्हणजे फिरणे दीर्घकाळ टिकते. दोरीवर उड्या, गुंफणी आणि झुले करताना मध्येच परत आलेले चक्र खेळ मोडते, म्हणून ते न येण्याची व्यवस्था येथे मुद्दाम केलेली असते. परत आणायचे झाल्यास दोरीचा दुहेरी पदर हाताने फटीत भरून तिला अडकवावे लागते. हे कौशल्य शिकल्याखेरीज हा यो-यो म्हणजे परतीच्या तिकिटाविना केलेला प्रवास ठरतो. सुरुवातीच्या प्रसंगातील मुलाच्या हाती हाच प्रकार पडला होता.

या चारांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न विचारणे व्यर्थ आहे. स्पर्धांतही दोन्ही कुळांना मानाचे स्थान आहे. जागतिक स्पर्धेत एका यो-योने दोरीवरील गुंफण करणाऱ्यांचा विभाग निराळा असतो, तेथे बिनहाकेचा यो-यो चालतो. दोन्ही हातांत एकेक यो-यो घेऊन ते अखंड समोर भिरकावत परत फिरवणाऱ्यांचा विभागही निराळा असतो, आणि तेथे हाकेच्या यो-योवाचून गत्यंतर नाही. तेथे चक्राने प्रत्येक फेरीत, प्रत्येक वेळी त्याच क्षणी ओ द्यावी लागते. उजव्या हातातील चक्र तत्पर आणि डाव्या हातातील आळशी असेल तर ताल बिघडतो. म्हणून त्या विभागातील खेळाडू दोन्ही चक्रांची पकड, दोरी आणि वजन एकमेकांशी जुळवून घेतात. तबलजी मैफलीपूर्वी हातोडी घेऊन स्वर मिळवतो, तसेच हे काम आहे.

हीच ती जुळणी, ज्याला खेळाडू सेटअप म्हणतात. यात पाच गोष्टी येतात.

पहिली, दोरीची लांबी. नव्या यो-योसोबत येणारी दोरी प्रौढाच्या उंचीची असते. ती तशीच वापरली तर लहान मुलाचे चक्र जमिनीवर आपटते. यो-यो जमिनीवर टेकवून दोरी सरळ वर धरावी, नाभीच्या उंचीला खूण करावी, बोटाच्या फासापुरती थोडी अधिक ठेवून उरलेली कापावी. वरच्या टोकाला सरकगाठ घालून ती मधल्या बोटात, पहिल्या दोन पेरांच्या मध्ये अडकवावी. सारा बदल कात्रीच्या एका घावाचा, पण अनेक मुलांची अर्धी अडचण एवढ्यानेच दूर होते.

दुसरी, दोरीचा पीळ. यो-योची दोरी म्हणजे एकच लांब सूत दुमडून पीळ दिलेला असतो, आणि दुमडीच्या जागी पीळ उलगडला की आसासाठी फास मिळतो. हुगळीकाठच्या ज्या भूमीत 1855 मध्ये रिश्रा येथे पहिली ताग गिरणी उभी राहिली, तेथे सुतळीच्या पिळाचे महत्त्व कोणास सांगायला नको. प्रत्येक फेकीबरोबर दोरीचा पीळ किंचित वाढतो किंवा उतरतो. पीळ वाढला की आसाभोवतीचा फास आवळतो आणि यो-यो झोपण्यापूर्वीच उठतो. पीळ उतरला की फास सैल पडतो आणि यो-यो हाक ऐकेनासा होतो. उपाय सोपा आहे. दोरी बोटातून काढून वरचे टोक धरावे आणि यो-यो खाली मोकळा लोंबू द्यावा. तो स्वतःभोवती गिरक्या घेत पीळ पूर्ववत करतो.

तिसरी, फासाचे वेढे. बेअरिंगवर एका वेढ्याऐवजी दोन वेढे घातले तर पकड वाढते. ज्या यो-योची ओ मंद झाली आहे, त्याला एक पैसाही खर्च न करता तत्पर करण्याची ही युक्ती आहे. फक्त त्यामुळे झोप कमी होते, हे ध्यानात ठेवावे.

चौथी, फट आणि पकड. काही यो-योंत दोन तबकड्यांमधील अंतर कमी-अधिक करता येते. फट अरुंद केली की ओ लवकर, रुंद केली की झोप लांब. पकड देणाऱ्या चकत्या नव्या असताना अतितत्पर असतात आणि झिजल्यावर उदासीन होतात. काही यो-यो अरुंद आणि रुंद अशा दोन बेअरिंगांसह विकले जातात. अरुंद बेअरिंगवर मूल हाक द्यायला शिकते आणि हात तयार झाल्यावर त्याच चक्रात रुंद बेअरिंग बसवून पुढचा अभ्यास सुरू करता येतो. पालकांनी प्रथम असाच यो-यो घेणे शहाणपणाचे.

पाचवी, तेल. घट्ट तेलाचा एखादा थेंब बेअरिंगची गती किंचित अडवतो आणि ओ सुधारतो. तेच बेअरिंग धुऊन कोरडे केले तर झोप वाढते आणि ओ मंदावते. येथेही प्रमाणालाच महत्त्व आहे.

आकाराचाही थोडा उल्लेख हवा. बाहेरून गोलसर आणि मध्ये अरुंद अशा आकाराचे चक्र समोर भिरकावून फिरवण्याच्या खेळांना सोयीचे. फुलपाखराच्या पंखांसारखे बाहेर उघडत जाणारे चक्र दोरीवर झेलण्यास सोपे. डंकन कंपनीने 1958 मध्ये ‘बटरफ्लाय’ आणला तेव्हापासून ही दुसरी घडण लोकप्रिय झाली. मुलाला काय खेळायचे आहे ते आधी विचारावे, मग आकार निवडावा.

कोलकात्याच्या हवेला या जुळणीत स्वतंत्र मत आहे. पावसाळ्यात तेथील हवा ओलाव्याने जड होते. सुती दोरी हा ओलावा शोषते, पॉलिएस्टरची दोरी फारच थोडा शोषते. लाकूडही ओलाव्याने किंचित फुगते, आणि पोलादी बेअरिंगला गंज धरतो. म्हणून माघातील कोरड्या दिवसांत मनाजोगता चाललेला लाकडी यो-यो आषाढात निराळा वागू लागला तर त्यात नवल नाही. अशा वेळी दोरी बदलावी, बेअरिंग कोरड्या डबीत ठेवावे, पीळ पुन्हा तपासावा. आसाजवळ किंवा बोटाजवळ दोरीचे सूत विस्कटलेले दिसले तर ती लगेच टाकून द्यावी, कारण तुटलेल्या दोरीचे चक्र कोणाच्याही डोळ्याला इजा करू शकते. खेळताना भोवती हातभर मोकळी जागा आणि दोरीची लांबी, एवढे अंतर सोडावे.

आतापर्यंतच्या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. उत्तम यो-यो नावाची वस्तू दुकानात तयार मिळत नाही. दुकानात मिळते ते चक्र. त्याला उंचीची दोरी, हाताचा पीळ, ऋतूचे तेल आणि खेळाची फट मिळाली म्हणजे तो त्या मुलाचा यो-यो होतो. शेजारच्या मुलाची जुळणी आपल्या हाताला मानवेलच असे नाही. ती आपल्या हाताला का मानवत नाही, हे शोधणे म्हणजेच प्रयोगशाळेत पाऊल टाकणे होय. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दहा वेळा फेकावे, किती वेळा परत आला ते वहीत मांडावे, मग दुसरी गोष्ट बदलावी. विज्ञानाची रीत याहून फारशी निराळी नाही.

आणि ही वही मातृभाषेत लिहावी. सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारख्या जगन्मान्य भौतिकशास्त्रज्ञाने 1948 मध्ये कोलकात्यात बंगीय विज्ञान परिषदेची स्थापना केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ या नियतकालिकातून विज्ञान बंगालीत लिहिले जावे यासाठी आपली प्रतिष्ठा पणाला लावली. महाराष्ट्रात 1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तिच्यामागेही हीच तळमळ होती. ज्या मुलाला भोवऱ्याची आर आणि जाळी ठाऊक आहे, त्याला यो-योचा आस, फास, फट आणि पीळ समजायला वेळ लागत नाही. नवी वस्तू जुन्या शब्दांच्या हाताला धरून घरात येते, तेव्हा ती परकी राहत नाही. मराठी शाळेचे काम तरी दुसरे काय आहे?

या शाळेने साठ वर्षांत अनेक चक्रे दूर फेकली आहेत. काही मुंबई-पुण्यात, काही कोलकात्यात, काही समुद्रापार फिरत आहेत. कोलकात्यात हाजरा मार्गावरील महाराष्ट्र निवासात सणासुदीला मराठी शब्द कानी पडले की दूर गेलेल्या माणसाच्या मनातील दोरी क्षणभर सैल होते आणि चक्र घराकडे वळते. दूर जाणे ही ऊर्जा आहे, तिला अडवू नये. पण परतीसाठी आत थोडी पकड हवी, आणि ती पकड बालपणी ऐकलेल्या, उच्चारलेल्या, खेळलेल्या शब्दांची असते. ती फार घट्ट झाली तर मूल दूर जाणारच नाही, फार सैल झाली तर परतणार नाही. त्या दोहोंमधला तोल साधणे हे शिक्षकांचे आणि पालकांचे कौशल्य.

उपस्थित विद्यार्थ्यांकडे एकच मागणे आहे. आज घरी गेल्यावर खणातला यो-यो बाहेर काढा. दोरी नाभीपर्यंत आहे का पाहा, पीळ उतरू द्या, फासाला आणखी एक वेढा घाला. मग सरळ खाली फेका, क्षणभर थांबा आणि हलकी हाक द्या. तो आला तर हात पुढे करा. नाही आला तर रागावू नका, काय बदलायचे ते वहीत लिहा.

शाळेच्या हीरक महोत्सवास मनःपूर्वक शुभेच्छा.